एकहाती बहुमत की आघाडी?

परभणीचा भाचा विचारतो, "मामा, एकहाती सरकार बरं की आघाडीचं?"

कायदा होण्याचं बघा. 2014 ला भाजपकडं लोकसभेत 282 जागा होत्या, तरी 2015 चं भूसंपादन विधेयक अडलं. राज्यसभेत संख्या नव्हती. उलट 2004 च्या काँग्रेसच्या आघाडीनं डाव्यांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर 2005 मध्येच माहिती अधिकार अन् रोजगार हमी हे कायदे केले.

कायदा टिकण्याचं? भाजपच्या 2019 च्या 303 जागांच्या जोरावर 2020 ला कृषी कायदे आले, शेतकरी रस्त्यावर उतरले अन् 2021 ला ते मागं गेले. व्हिप (मतदानाबाबतचा पक्षाचा आदेश) सभागृहात चालतो, रस्त्यावर नाही.

रुसवेफुगवे दोन्हीकडं, एकहातीत दाराआड, एवढंच.

झटपट निर्णय हवा तर एकहाती, पण दोन्ही सभागृहांत. आघाडीतल्या सगळ्या पक्षांच्या मतदारांना रुचेल असं काम असेल तर आघाडीही चालते.