जुन्या सोलरची ‘फुल सर्व्हिस’: खानदेशातल्या पाण्यावर किती कामाची?

थंडी पडली की जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या कॉलन्यांमध्ये सोलर वॉटर हीटरच्या सर्व्हिसिंगची पत्रकं गेटला अडकवलेली दिसू लागतात. मजकूर थोड्याफार फरकाने तोच: नळ्या धुणे, टाकी साफ, रबर बदली, गॅरंटीसह. गिऱ्हाइकाची तक्रारही ठरलेली: “भो, पानी तपतच नही.” या ‘फुल सर्व्हिस’मधलं कोणतं काम पैसे वसूल करतं आणि कोणतं नुसतं बिल फुगवतं, ते इथे तोलून पाहिलं आहे. समोर धरलंय ते आठ-दहा वर्षं जुनं, शंभर ते तीनशे लिटरचं, मोटरशिवाय पाणी आपोआप फिरणारं घरगुती सोलर. दर दुकानागणिक बदलतात, म्हणून तोल फक्त कामाचा.

या सेवेतली सगळ्यात मोठी उणीव म्हणजे निदानच होत नाही. मिस्त्री येतो, शिडी लावतो, पाइप मारून काचा धुतो आणि उतरतो. खरं तर पहिलं हत्यार थर्मामीटर असायला हवं. दुपारी साडेचार-पाचला टाकीच्या गरम पाण्याच्या तोंडाशी पाणी काढून मोजायचं आणि लगेच खाली बाथरूमच्या नळाला मोजायचं. वर ६० अंश आणि खाली पाणी भरपूर सोडल्यावरही ४५ असेल, तर सोलर ठणठणीत आहे, दुखणं खालच्या प्लंबिंगमध्ये आहे. अशा घरात नळ्या कितीही चकचकीत केल्या तरी आंघोळीचं पाणी तेवढंच राहणार.

खाली घोळ बहुतेक एकाच ठिकाणी असतो: गार पाणी गरम लाइनमध्ये घुसतं. मिक्सरला हँड शॉवर जोडलेला, शॉवर त्याच्याच बटणावर बंद केलेला आणि मिक्सरच्या दोन्ही चाव्या मात्र उघड्या. मग ज्या लाइनचा दाब जास्त, तिचं पाणी दुसरीत जातं. गार लाइनला प्रेशर पंप असेल तर विचारायलाच नको. गिझरच्या बायपासचा कॉक नीट बसत नसेल किंवा एनआरव्ही (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह) कचऱ्याने उघडा अडकला असेल तरी हेच होतं. तपासायला पाच-दहा मिनिटं पुरतात. सोलरच्या टाकीला गार पाणी देणारा कॉक बंद करायचा आणि खाली गरम नळ सोडायचा. हवा सुटायला ठेवलेल्या उभ्या व्हेंट पाइपात आणि लाइनीत होतं तेवढं पाणी येऊन धार तुटायला हवी. धार चालूच राहिली, तर ते पाणी सोलरमधून येत नाही, मिक्सर किंवा बायपासमधून येतंय. आता एकेक बाथरूमचे कॉक बंद करत जायचं. ज्या कॉकला धार थांबेल ते घर चोराचं. उपाय स्वस्त आहे: मिक्सरच्या दोन्ही फांद्यांवर एकेक एनआरव्ही, किंवा मिक्सर काढून सरळ दोन वेगळे नळ. ही चाचणी स्वतःहून करणारा मिस्त्री मिळाला तर त्याचा नंबर जपून ठेवा.

दुसरी गळती लांबीची. एक इंची पाइपात दर मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. गच्चीवरून तळमजल्यापर्यंत पंधरा मीटर लाइन असेल तर प्रत्येक वेळी सात-साडेसात लिटर थंड झालेलं पाणी आधी ओतायचं आणि तेवढंच गरम पाणी नंतर पाइपात थंड व्हायला सोडायचं. तीच उतरती लाइन पाऊण इंचीची केली तर मीटरला सुमारे ०.३ लिटरवर येते. टाकी एक-दोन मजलेच वर असेल तर पाऊण इंचीपेक्षा बारीक करू नका, शॉवरची धार मरते. पाइपावरचं काळं नायट्राइल रबराचं कवच आपल्याकडच्या उन्हात भेगाळून गळून पडतं. नवीन चढवताना वरून अ‍ॅल्युमिनियमची टेप किंवा पत्र्याचं आवरण हवंच. पत्रकात ‘इन्सुलेशन’ हा शब्द शोधून पाहा, फार क्वचित सापडतो. गरम लाइनला साधा पीव्हीसी पाइप जोडलेला दिसला तर तोही बदलून घ्या, ६० अंशांच्या पुढे तो मऊ पडून वाकतो. सीपीव्हीसी चालतो.

आता धुलाई. दिवाळीनंतर पाऊस नाही, रस्त्याची धूळ, जिनिंगच्या आसपास कापसाचा भुगा, त्यामुळे काच धुतलीच पाहिजे. पण ते काम घरचा कुणीही सकाळी ऊन चढायच्या आत बादली आणि फडक्याने करू शकतो. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारणाऱ्याला गच्चीवर चढू देऊ नका. निव्वळ धुलाईला ‘सर्व्हिस’ म्हणून पैसे देणं आम्हाला पटत नाही.

नळ्यांच्या बाबतीत मात्र जाणकार माणूस लागतो. चांगल्या नळीच्या खालच्या टोकाला आतून चांदीसारखा चकचकीत डाग असतो, तो बेरियमचा. निर्वात गेला, हवा शिरली की तो डाग पांढरा दुधी होतो. दुसरी खूण हाताची: भर उन्हात चांगली नळी बाहेरून जवळपास गार लागते, गेलेली गरम लागते. वीस नळ्यांत एखादी गेली म्हणून सगळं पाणी थंड पडत नाही, तेव्हा ‘अख्खा सेट बदला’ हा सल्ला आधी या दोन खुणांवर घासून घ्या. बदलताना माप जुळलं पाहिजे. बाजारात ४७ मिमी व्यासाच्या दीड मीटर आणि ५८ मिमीच्या १.८ मीटर नळ्या जास्त चालतात. पहिलीत सुमारे सव्वा ते दीड लिटर, दुसरीत पावणेतीन लिटरच्या आसपास पाणी मावतं. सिलिकॉनची रिंग जुनीच परत बसवली तर ती गळणार. नवी रिंग साबणाच्या पाण्याने ओली करून, नळी फिरवत फिरवत आत सारायची; ठोकली की काच तडकते. आणि काम सकाळी लवकर किंवा कापड झाकून. उन्हात रिकामी नळी दोनशे अंशांच्या पुढे तापते, त्यात पाणी सोडलं की फुटलीच.

खानदेशातल्या सोलरचा खरा वैरी मात्र क्षार. वाघूरचं किंवा तापीचं नळाचं पाणी निदान सोसवतं. कॉलनीचं बोअर जोडलं की चित्र बदलतं. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता (चुन्यासारख्या क्षारांचं प्रमाण) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत हवी, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. समजा तुमचं पाणी ४०० चं आहे आणि रोज दीडशे लिटर वापर आहे. म्हणजे रोज ६० ग्रॅम चुना टाकीत येतो. सगळा बसत नाही, पण पाणी ६० अंशांच्या वर गेलं की बसण्याचा वेग वाढतो. चुन्याचा थर तांब्याच्या तुलनेत उष्णता शेकडो पटींनी कमी वाहून नेतो. आणि त्याहून वाईट म्हणजे तो वाटच बुजवतो.

तांब्याच्या पट्ट्यांच्या, सपाट काचेच्या जुन्या पॅनलमध्ये हे जास्त भोवतं, कारण उभ्या नळ्या जेमतेम अर्ध्या इंचाच्या. निदान सोपं आहे. दुपारी पॅनलच्या वरच्या कोपऱ्यातून टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला हात लावा. पाइप चटका देतोय आणि टाकी कोमट, तर पाणी फिरत नाही: क्षाराने वाट बुजली किंवा हवा अडकली. पाइपच कोमट असेल तर पॅनल ऊन घेत नाही: सावली, उडालेला काळा थर किंवा काचेच्या आत धरलेली वाफ. हवा अडकण्याचं कारण बहुधा गच्चीचं वॉटरप्रूफिंग असतं. स्टँड हलवून परत ठेवला, पाइपाचा चढ मध्येच उतरता झाला आणि तिथे हवेचा फुगा बसला. पाइप पॅनलपासून टाकीपर्यंत अखंड चढता हवा आणि टाकीचा तळ पॅनलच्या माथ्यापेक्षा फूटभर तरी वर. टाकी खाली बसवली तर रात्री पाणी उलटं फिरतं आणि दिवसभराची कमाई आकाशाला जाते.

क्षार काढण्याची नीट पद्धत अशी. पॅनल टाकीपासून दोन्ही युनियन (पाइपाचे खोलता येणारे जोड) खोलून वेगळं करायचं, वर कापड झाकायचं. पंधरा-वीस लिटर कोमट पाण्यात ५ ते १० टक्के सल्फामिक अ‍ॅसिड, म्हणजे वीस लिटरला एक ते दोन किलो. टुल्लूसारख्या छोट्या पंपाने खालच्या तोंडातून आत, वरच्या तोंडातून परत बादलीत. उलटं जोडलं तर फेसाचा वायू आतच अडकतो. फेस येणं थांबलं की तेवढ्या अ‍ॅसिडचं काम संपलं. एक किलो चुना विरघळायला जवळपास दोन किलो सल्फामिक लागतं, त्यामुळे थर जाड असेल तर द्रावण दुसऱ्यांदा बनवावं लागतं. जो मिस्त्री एकाच बाटलीत ‘सगळं साफ’ म्हणतो त्याला हा हिशेब ऐकवा. शेवटी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने फिरवून, मग साध्या पाण्याने लिटमस कागद निळ्याचा लाल होईनासा होईपर्यंत धुवायचं. चष्मा आणि हातमोजे घालूनच. कामाआधी आणि नंतर पॅनलमधून मिनिटाला किती लिटर पाणी पडतं ते त्याच पंपावर बादलीने मोजून घ्या. पावतीपेक्षा हा पुरावा पक्का.

लिंबूसत्त्व पातळ थराला चालतं. जाड थरावर त्याचंच न विरघळणारं कॅल्शियम सायट्रेट तयार होऊन चिकटतं. संडास-फरशी धुण्याचं अ‍ॅसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक; ते स्वस्त आणि झटपट म्हणून सर्रास वापरलं जातं, पण त्यातला क्लोराइड स्टेनलेस टाकीला, विशेषतः वेल्डिंगच्या रेषेवर, सुईएवढी भोकं पाडतो. जस्ताचा मुलामा असलेल्या टाकीत तर कोणतंच अ‍ॅसिड सोडू देऊ नका. काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये हा व्याप कमी: क्षार नळीच्या तळाशी भुकटीसारखा साठतो, नळी काढून उपडी केली, लांब दांड्याच्या मऊ ब्रशने घासली की झालं. बोअरवर असाल तर हे दरवर्षी. टाकीत मॅग्नेशियमचा दांडा (टाकी गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा) असेल तर त्याच वेळी बघा. झिजून तार उरली असेल तर बदला. हा दांडा पत्रकात कधीच नसतो आणि टाकीचं आयुष्य मात्र त्याच्यावर असतं.

सर्व्हिसबरोबर गळ्यात मारल्या जाणाऱ्या वस्तूंबद्दल. टीडीएस मीटरचा आकडा दाखवून घाबरवणं ही जुनी युक्ती आहे; तो आकडा सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा, त्यातली कठीणता किती ते थेंब मोजायच्या छोट्या किटनेच कळतं. पाइपाला बांधायच्या चुंबकावर आम्ही एक रुपयाही घालणार नाही. पॉलीफॉस्फेटचे गोळे असलेला फिल्टर नळ-मिक्सरला मदत करतो, पण गरम टाकीत ते रसायन स्वतःच मोडतं, म्हणजे जिथे गरज तिथेच लंगडं. रेझिनचा सॉफ्टनर मात्र खरोखर काम करतो, अट एवढीच की मिठाच्या पाण्याने रेझिन धुऊन ताजं करणं, म्हणजे रिजनरेशन, वेळेवर करायचं. आठवडाभर विसरलात तर ते नुसतं शोभेचं भांडं.

एक तपासणी फुकटची आहे, ती कुणीच करत नाही: सावली. जळगाव-धुळ्याला २२ डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४५ अंशच वर असतो. म्हणजे दक्षिणेला मीटरभर उंच कठडा असेल तर भर दुपारीही मीटरभर सावली, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. सोलर बसवल्यानंतर शेजारी मजला चढला असेल किंवा दक्षिणेला सिंटेक्सची टाकी ठेवली असेल तर तिथेच उत्तर आहे. कोन पाहा: हिवाळ्यासाठी अक्षांश अधिक १५, म्हणजे आपल्याकडे ३६ अंशांच्या आसपास.

आणि मागणीही मोजा. २०० लिटर पाणी २० वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ९.३ युनिट उष्णता लागते. घरात माणसं वाढली असतील तर कितीही सर्व्हिस केली तरी तेवढ्याच काचा तेवढीच उष्णता देणार. बॅकअपची कॉइल असेल तर टायमर लावून पहाटे चालवा. सकाळी ऊन यायच्या आधी टाकी विजेनेच भरगच्च तापवून ठेवली तर दिवसभर सोलरला घेण्यासारखं फारसं उरत नाही.

बिलावर लिहून घ्यायच्या गोष्टी: काम करण्याआधीचं आणि नंतरचं टाकीचं तापमान, सारख्याच उन्हाच्या दिवशी, त्याच वेळी, बदललेल्या नळ्यांचं माप आणि संख्या, वापरलेल्या अ‍ॅसिडचं नाव. हे लिहायला जो का-कू करतो त्याला नमस्कार करून वाटेला लावा. आतली टाकी वेल्डिंगवर गळत असेल, बाहेरच्या पत्र्याखालून पाणी ठिबकत असेल, तर सर्व्हिसवर खर्चच करू नका. आतून वेल्डिंग टिकत नाही आणि ओला झालेला पफ (टाकीभोवतीचा उष्णता धरणारा फोम) पुन्हा उष्णता धरत नाही. स्टँड आणि चांगल्या नळ्या ठेवून, भोकांचं माप आणि अंतर जुळतंय हे पाहून फक्त टाकी बदला. पाणी बोअरचं असेल तर नवी टाकी ३१६ एल स्टेनलेसची किंवा आतून काचेच्या लेपाची मागा.