चुंबक घ्यावा की कॉइल गुंडाळावी?

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी भाचीला चुंबकीय क्षेत्रात ई. कोलाय या जिवाणूची वाढ मोजायची आहे. निओडिमियम चुंबक घेऊ की हेल्महोल्ट्झ कॉइल (समोरासमोर ठेवलेली, वीज वाहणाऱ्या तारेची दोन कडी) बनवू, इथे तिचं घोडं अडलंय.

खर्चात चुंबकच स्वस्त. वीज नको, देखभाल नको. पृष्ठभागाजवळ 0.3 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास क्षेत्र मिळतं. पण दोन-तीन सेंटिमीटरवर ते झपाट्याने घसरतं, म्हणजे जिवाणू वाढवायच्या एकाच पेट्री डिशच्या (उथळ बशीच्या) मध्याला एक आणि कडेला भलतंच.

कॉइलचं क्षेत्र मधल्या भागात एकसारखं, शिवाय हवं तसं कमी-जास्त करता येतं. ताकद मात्र तुटपुंजी: 15 सेंमी त्रिज्या, प्रत्येक कड्याला 100 वेढे आणि 2 अँपिअर प्रवाह, तरी मिळतं सुमारे 1.2 मिलिटेस्ला.

खरी गोम उष्णतेत आहे. तार तापते. डिश एक-दोन अंशांनी जरी गरम झाली तरी वाढीचा वेग बदलतो, आणि तो फरक चुंबकत्वाच्या खात्यावर जमा होतो! म्हणून तार दुहेरी गुंडाळायची. तुलनेच्या संचात दोन्ही तारांतून उलटसुलट प्रवाह सोडला की उष्णता तेवढीच राहते, क्षेत्र मात्र जवळपास शून्य. चुंबकाला हे झंझट नाही. तुलनेच्या डिशशेजारी तेवढाच, चुंबकत्व नसलेला तुकडा ठेवला की झालं.

तीव्र, स्थिर क्षेत्रात काही घडतं का एवढंच पाहायचं असेल, तर चुंबक. कोणत्या तीव्रतेला किती फरक पडतो याचा आलेख हवा असेल किंवा प्रत्यावर्ती (सतत दिशा बदलणारं) क्षेत्र तपासायचं असेल, तर कॉइलच.