३ किलोवॅटचा तयार सोलर संच: पॅनेल झकास, डब्यातला माल तपासून घ्या

बडोद्यातल्या दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या घरांच्या गच्च्यांवर हल्ली हाच संच सर्रास दिसतो: ५४० वॅटची ६ मोनो पर्क जातीची पॅनेलं (एकूण ३.२४ किलोवॅट), ३ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर, डीसी डबा (पॅनेल ते इन्व्हर्टर बाजूचा), एसी डबा (इन्व्हर्टर ते मीटर बाजूचा), केबल आणि अर्थिंगचा सगळा सरंजाम. दुकानाचं नाव देत नाही, कारण बडोद्यात चार दुकानं फिरलात तरी थोड्याफार फरकाने हाच माल पुढे येतो. पाचापैकी साडेतीन गुण. कापलेला दीड गुण सगळा डब्यांचा आणि इन्व्हर्टरचा.

पॅनेलांची संख्या बरोबर आहे. एका पॅनेलचं ओपन सर्किट (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज सुमारे ४९.५, सहा सिरीजमध्ये जोडली की २९७. थंडीत हे वाढतं, अंशाला ०.२७ टक्के या हिशेबाने. उत्तरायणाच्या पहाटे पारा १० अंशांवर आला तरी ते ३१० च्या आत राहतं आणि इन्व्हर्टरची मर्यादा ६०० आहे. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापलं की काम चालू असतानाचं व्होल्टेज २१५ च्या आसपास उतरतं. तेही इन्व्हर्टरला पुरेसं आहे. इथे तक्रारीला जागा नाही.

खरी गोम करंटमध्ये आहे. ही मोठ्या सेलची पॅनेलं भर उन्हात १३ अँपियर देतात आणि सोबतच्या इन्व्हर्टरच्या पाटीवर लिहिलंय ‘कमाल इनपुट ११ अँपियर’. इन्व्हर्टर त्याने जळत नाही, फक्त ११ च्या वर घेत नाही. सकाळ-संध्याकाळी काही जाणवत नाही, पण मार्च-एप्रिलच्या स्वच्छ दुपारी जिथे पावणेतीन किलोवॅट निघायला हवेत तिथे आकडा अडीचच्या आत अडकतो. लहान सेलच्या जुन्या पॅनेलांना हा इन्व्हर्टर ठीक होता. आज घेताना एमपीपीटीची (पॅनेलांतून जास्तीत जास्त वीज ओढणाऱ्या इन्व्हर्टरमधल्या भागाची) मर्यादा किमान १४ अँपियर मागा आणि शॉर्ट सर्किट करंटचा (दोन टोकं थेट जोडली तर वाहणाऱ्या करंटचा) वेगळा आकडाही वाचा. पॅनेलचा तो १३.८ च्या घरात असतो, त्याच्या सव्वापट म्हणजे १७ पेक्षा जास्त पेलणारा हवा.

डीसी डब्यात १५ अँपियरचा फ्यूज टाकलाय. तोच सव्वापटीचा हिशेब लावला तर तो अपुरा, त्यात गच्चीवरचा बंद डबा तापतो. फ्यूज हळूहळू शिजत जातो आणि एखाद्या दुपारी उडतो. २० चा घाला. पॅनेलच्या मागच्या स्टिकरवर सहसा कमाल २५ लिहिलेलं असतं, ते एकदा बघून घ्या. डीसी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) मात्र खरोखरच डीसीचा दिलाय, त्याबद्दल शाबासकी. काही ठिकाणी तिथे एसीचा एमसीबी ठोकून देतात. एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीत ती जळतच राहते. या एमसीबीवर अधिक-उणे खुणा आहेत. तारा उलट जोडल्या तर तोही ठिणगी तोडू शकत नाही, तेव्हा जोडणी होत असताना शेजारी उभं राहा.

एसी बाजूला कंजुषी आहे. ३००० भागिले २३० म्हणजे १३ अँपियर, सव्वापट केले की १६.३. दिलाय १६ चा एमसीबी. तो ३० अंशांना जुळवलेला असतो, तापलेल्या डब्यात त्याआधीच पडतो. २० अँपियरचा, सी कर्व्हचा (क्षणभराच्या झटक्याला न पडणारा) हवा. केबल २.५ चौरस मिमी तांब्याची आहे. गच्चीपासून खाली मीटरपर्यंत २५ मीटर अंतर धरलं तर तेवढ्यात पावणेपाच व्होल्ट पडतात. ते पडणं नुसतं वाया जात नाही, इन्व्हर्टरकडे तेवढं व्होल्टेज चढतं. दुपारी लाइन २५० वर असली की इन्व्हर्टरला २५५ च्या जवळ दिसतात आणि २५३ ला कापायला लावलेला इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. ॲपवर ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ आलं की लोक पॅनेलवाल्याला फोन लावतात. ६ चौरस मिमी टाकली तर २ व्होल्टच पडतात आणि तीच लाइन चालून जाते. १० मीटरच्या आतलं अंतर असेल तर ४ पुरे.

३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) इन्व्हर्टरच्या लाइनला लावलाय. ओल्या पॅनेलांची किरकोळ गळती पावसाळ्यात त्याला सहन होत नाही, तो सारखा पडत राहील. इथे १०० किंवा ३०० चा घ्या, ३० चा घरातल्या सॉकेटांसाठी ठेवा.

अर्थिंगचे तीन खड्डे वेगळे दिलेत (तडितरोधक, सांगाडा-डीसी, एसी), एसपीडी (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारे) दोन्ही डब्यांत आहेत. पॅनेलच्या तारा जोडणारे एमसी४ कनेक्टर मात्र नर एका कंपनीचा, मादी दुसऱ्या कंपनीची. खटकन बसतात, पण आत नीट टेकत नाहीत आणि काही महिन्यांत प्लास्टिक पिवळं पडून वितळतं. जोड्या एकाच कंपनीच्या मागून घ्या.

पॅनेलं डीसीआर (सेलसकट भारतात बनलेली) असल्याची पावती हातात पडल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका, नाहीतर पीएम सूर्यघर योजनेच्या अनुदानाचे ७८,००० रुपये हातचे जातील. आणि दुकानदार आपणहून सांगत नाही ते एक: लाइट गेली की भर उन्हातही हा संच बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी. पंखा तेव्हाही चालायला हवा असेल तर हा संच नको, बॅटरीवाला हायब्रिड बघा.