मीटरपासून घरापर्यंत: सहाची वायर, दहाची की सोळाची?

घराचं वायरिंग नव्याने करायचं ठरलं की चर्चा रंगते ती स्विचच्या रंगावर आणि सीलिंगमधल्या दिव्यांवर. तळमजल्याच्या मीटर रूममधून डक्टमधून वर येणारी मेन लाइन तशीच राहते, कारण ती कुणाच्या नजरेला पडत नाही. आमच्याकडे हेच झालं होतं. सहाव्या मजल्यावरचा टू बीएचके आणि मेन जुनी, सहाची. दुसरा एसी लावला त्या मे महिन्यात एका रात्री मेन स्विचपाशी प्लास्टिक तापल्याचा वास आला. इलेक्ट्रिशियनने झाकण काढलं तेव्हा न्यूट्रलच्या (वीज परत नेणाऱ्या वायरीच्या) टोकाचं इन्सुलेशन तपकिरी पडून ठिसूळ झालेलं होतं. मेन बदलायचा निर्णय तिथेच झाला. ती निवडताना जे हिशेब केले, ते ज्यांचं घर सध्या कामाला निघालंय त्यांच्यासाठी मांडतेय.

आधी एक खुलासा. इलेक्ट्रिशियन ‘सहा एमएम’ म्हणतो तेव्हा ती वायरची जाडी नसते, तांब्याच्या छेदाचं क्षेत्रफळ असतं: 6 चौरस मिलिमीटर. म्हणून सहावरून दहावर गेलं की तांबं जवळपास पावणेदोनपट होतं. किंमत वाढते ती त्यामुळे. मजुरी मात्र दोन्हींना जवळपास सारखीच पडते.

आता लोड. दीड टनाचा एसी साधारण 7 ते 8 अँपिअर घेतो, असे दोन. 2 किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टला पावणेनऊ, तेवढ्याच ताकदीची इंडक्शन शेगडी आणखी पावणेनऊ. फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही मिळून तीन. सगळं एकाच वेळी चालू राहिलं तर बेरीज पस्तिशीला टेकते. रोज तसं होत नाही हे खरं, पण उन्हाळ्यात पाहुणे आलेल्या सकाळी हमखास होतं.

पाइपातून नेलेली सहाची तांब्याची वायर कंपन्यांच्या तक्त्यांत तिशीच्या थोडी वर अँपिअर वाहते, दहाची चाळिशीच्या वर, सोळाची साठीच्या आसपास. म्हणजे वरच्या घराला सहाची काठावर आहे. वन रूम किचनमध्ये एक एसी आणि एक गीझर असेल, तर सहाची व्यवस्थित पुरते. तिथे दहाची टाकायला लावणाऱ्याचं ऐकू नका. टू बीएचकेला मात्र माझं मत स्पष्ट आहे: दहाची. सोळाची घ्यावी ती तीन एसीच्या घरात, किंवा मीटरपासून घर फार लांब असेल तर.

हे लांबीचं गणित बहुतेक जण करतच नाहीत. मीटर रूम ते सहावा मजला वळणांसकट तीस मीटर धरा. वीज आणणारी फेज आणि परत नेणारी न्यूट्रल मिळून साठ मीटर तांबं. 30 अँपिअर चालू असताना सहाच्या वायरीत सुमारे 6 व्होल्ट वाटेतच खर्च होतात, दहाच्यात साडेतीन, सोळाच्यात दोनाच्या थोडं वर. सहाच्या वायरीत त्या वेळी पावणेदोनशे वॅटच्या आसपास उष्णता डक्टमध्ये जाते, दहाच्यात शंभराच्या जवळ. उंच इमारतीत मीटर तळाशी आणि घर विसाव्या मजल्यावर असेल, अंतर ऐंशी मीटर, तर सहाच्या वायरीत तितक्याच लोडला जवळजवळ 16 व्होल्ट जातात. तिथे दहाचीही कमी पडते, सोळाचीच हवी.

दुसरी गोष्ट गर्दीची. गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींत एकाच पाइपात तीन-तीन घरांच्या मेन कोंबलेल्या दिसतात. वायरी अशा अंगाला अंग लावून गेल्या की उष्णता बाहेर पडत नाही, आणि तीन सर्किटं एकत्र असली तर प्रत्येकीची क्षमता सुमारे सत्तर टक्क्यांवर येते. मग दहाची वायर तीसच्या आसपासचीच उरते! अशा ठिकाणी जाड वायर घेण्याआधी स्वतंत्र पाइप मागा.

एमसीबीचा, म्हणजे जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचचा, आकडा वायरीवरून ठरतो, लोडवरून नाही. सहाला 32 अँपिअर, दहाला 40, सोळाला 50. गर्दीच्या पाइपात त्याहून खाली. एमसीबी वारंवार पडते म्हणून जुन्या सहावर 63 ची बसवून दिलेली मी दोन घरांत पाहिली आहे. त्यानंतर एमसीबी पडायची थांबते, आणि तापते ती वायर. घरात कुणीही हे करू देऊ नका.

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त पडतं. 16 चं अ‍ॅल्युमिनियम विजेच्या दृष्टीने साधारण दहाच्या तांब्याइतकंच, म्हणून ते मोहात पाडतं. पण टोकं कालांतराने सैल होतात, समुद्राच्या दमट खाऱ्या हवेत ती लवकर खराब होतात, आणि तांब्याशी जोडायला खास बायमेटल लग (दोन धातूंचं जोडटोक) लागतं. घरासाठी तांबंच घ्या.

थ्री फेजचा, म्हणजे एकाऐवजी तीन फेज वायरींनी वीज घेण्याचा, पर्याय 12 किलोवॅटच्या आसपासच्या लोडला विचारात घ्यावा. सिंगल फेजला 52 अँपिअर येतात, थ्री फेजला लोड नीट वाटला तर प्रत्येक फेजला 17 च्या आसपास. मग सहाच्या चार वायरी पुरतात. तोटा एकच, पण मोठा: न्यूट्रल सुटला तर काही उपकरणांवर 230 ऐवजी बरंच जास्त व्होल्टेज जातं आणि टीव्ही-फ्रिज जळू शकतात. गरज नसताना थ्री फेज मागू नये.

खरेदी मुंबईच्या लोहार चाळीत केली तर सगळे ब्रँड एका गल्लीत मिळतात. अर्थिंगची वायर या तिन्ही मापांत फेजइतक्याच मापाची घ्या. आयएसआय शिक्का आणि आयएस 694 हा वायरींचा मानक क्रमांक पाहा, एफआर-एलएसएच प्रकार मागा. बंद जिन्यात आग लागली तर या वायरीचा धूर कमी होतो. तुकडा कमी पडला म्हणून मध्येच जोड मारू देऊ नका. आमच्या डक्टमध्ये चौथ्या मजल्यावर जुन्या मेनला असाच टेपचा जोड सापडला.

काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मीटरच्या टोकाचं सील वीज कंपनीचं असतं, तिथे आपल्या माणसाला हात लावू देऊ नका. बेस्ट असो, अदानी, टाटा की महावितरण, आधी अर्ज द्या. बिलावरचा मंजूर भार कमी असेल तर त्याच वेळी वाढवून घ्या. आमचा सहाऐवजी दहाचा बदल सकाळी सुरू झाला तो संध्याकाळी पाच वाजता संपला, त्यातले तीन तास नुसते डक्टमधून वायर ओढण्यात गेले.