बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी: कोठार इथे, किल्ली मेरिलकडे

इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर बसून सतराव्या शतकातल्या रम्फियस या निसर्ग-अभ्यासकाने लिहिलेल्या ‘हर्बेरियम अंबोइनेन्से’ या वनस्पतिग्रंथाचे सहा खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात (पुढे नुसतं बीएचएल) फुकट पाहता येतात. पानापानाने उतरवून घेता येतात, आणि ग्रंथाचा स्वामित्वहक्क कधीच संपलेला असल्याने छापून भिंतीवर लावायलाही आडकाठी नाही. लॉगिन नको, जाहिरात नाही, चित्रावर आडवा शिक्का नाही. तक्रार एकच, पण ती मोठी आहे: हवं ते झाड सरळ शोधून सापडत नाही.

नीरफणसाचंच घ्या. बीएचएलच्या शोधपट्टीत ‘आर्टोकार्पस अल्टिलिस’ हे आजचं शास्त्रीय नाव टाकलं तर शेकडो पानं येतात, त्यात रम्फियस नाही. दोष यंत्राचा नाही. ॲमस्टरडॅमला बुर्मन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे खंड छापले ते १७४१ ते १७५० या काळात. लिनियसची दोन शब्दांची शास्त्रीय नावं रूढ झाली १७५३ नंतर. रम्फियसकडे नीरफणस आहे ‘सोकस लानोसस’ (Soccus lanosus) या नावाने. पानावरची शास्त्रीय नावं आपोआप टिपून यादी देण्याची बीएचएलची सोय एरवी फार कामाची. इथे ती जवळजवळ निरुपयोगी ठरते.

म्हणून वाट वाकडी करावी लागते. एल्मर मेरिल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१७ साली मनिलाहून रम्फियसच्या नावांचा उलगडा करणारं जाडजूड पुस्तक काढलं, तेही बीएचएलवर आहे. सी. बी. रॉबिन्सनने अंबोनला मुद्दाम जाऊन जमवलेल्या नमुन्यांच्या आधारे मेरिलने नावं जुळवली आहेत. ते आधी उघडा. सूचीत आधुनिक नाव पाहा. त्या नोंदीवर गेलं की रम्फियसचं नाव, खंड, पान आणि चित्राचा क्रमांक मिळतो. मेरिलची नावंही शंभर वर्षांची आहेत हे लक्षात ठेवा. नीरफणसाला तो ‘आर्टोकार्पस कम्युनिस’ म्हणतो. तेव्हा आजच्या नावाचे जुने पर्याय लंडनच्या क्यू उद्यानाच्या ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’वर आधी बघून घ्यावेत. उत्तर येतं: खंड १, पान ११०, चित्र ३२. लागूनच ३३वं चित्र ‘सोकस ग्रानोसस’चं, म्हणजे बियांचा प्रकार. कोकणात काप करतो तो बिनबियांचा, म्हणजे लानोसस.

मेरिल न उघडता थेट खंडात शोधायचं असेल तर एक खोच आहे. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या मधला ‘एस’ लांब असे आणि ओसीआर (पानाच्या चित्रातून अक्षरं वाचणारी यंत्रणा) तो ‘एफ’ वाचतं. ‘लानोसस’ टाकलं तर फक्त मोठ्या अक्षरांतलं शीर्षक सापडण्याची आशा. मजकुरासाठी ‘लानोफस’ (lanofus) टाका. शेवटचा ‘एस’ साधाच असतो, तो बदलू नका. शिवाय पानावर लॅटिन आणि डच असे दोन रकाने शेजारी आहेत. ओसीआरने ओळी एकमेकींत मिसळल्या की वाक्य हाती लागत नाही, म्हणून एकच शब्द शोधावा.

चित्रांच्या पानांना पुस्तकातले पृष्ठक्रमांक नाहीत, आणि बीएचएलच्या पानांच्या यादीत त्यांना नीट नाव असेलच असंही नाही. ११०वं पान गाठून पुढेमागे चाळायचं आणि चित्रावरचा रोमन अंक पाहायचा. प्रकरणाच्या शेवटी चित्राचा खुलासा असतो, तो सोडू नका. एका चित्रात दोन-तीन झाडं कोंबलेली असतात. ‘फ्लोस सुसाने’ हे पांढरं ऑर्किड, आपल्या सह्याद्रीतल्या पेक्टेलिस जायजँटिआचं जवळचं भावंड, पाचव्या खंडातल्या ९९व्या चित्रात दुसरी आकृती म्हणून आहे. ते एकटं हवं तर कातरावं लागतं, आणि कातरलं की पिक्सेल उरतात थोडे.

पिक्सेलचा हिशोब उतरवतानाच करा. ए४ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात, ए३ला ३५०८ बाय ४९६१. पूर्ण पुस्तकाची पीडीएफ घेऊ नका, तिच्यात चित्रं दाबलेली असतात आणि कोरीव रेघा एकमेकींत चिकटतात. वाचायला ती ठीक, छापायला सुटं पान किंवा जेपीईजी २००० फाइल घ्यावी. लांब बाजू २५०० पिक्सेलची निघाली तर ए५वर समाधान माना. सॉफ्टवेअरने फुगवलेल्या रेघा लोकरीच्या धाग्यांसारख्या दिसतात.

मूळ चित्रं काळ्या रेघांची, तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली. कागद पिवळट, त्यावर तपकिरी डाग. सरळ ग्रेस्केल केलं तर डाग करडे होऊन बसतात. गिंप या चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फक्त लाल चॅनेल वेगळा काढा. तपकिरी डाग त्यात फिके पडतात, काळी रेघ काळीच राहते. मग लेव्हल्समध्ये पांढरा बिंदू थोडा आत ओढा. हाव केली तर पानांच्या छायेतल्या केसासारख्या रेघा तुटतात. सगळं निव्वळ काळं-पांढरं करणाऱ्या थ्रेशोल्डच्या वाटेला जाऊच नये.

छपाईवाल्याला फाइल ग्रेस्केलमध्येच द्या आणि ‘फक्त काळ्यात’ असं स्पष्ट सांगा. मशीन रंगीत मोडवर असलं तर काळा चार रंगांतून तयार होतो, चित्राला हिरवट नाहीतर गुलाबी झाक येते आणि रेघेला सावली फुटते. चकचकीत आर्ट पेपरपेक्षा जाड, बिनलेपाचा, किंचित मळकट पांढरा कागद या चित्रांना शोभतो.

चित्रांवरून झाड ओळखायला जाल तर मात्र जपून. रम्फियसची दृष्टी १६७० साली गेली. मूळ चित्रं १६८७च्या आगीत जळाली आणि दुसऱ्यांकडून पुन्हा काढून घ्यावी लागली. हॉलंडला पाठवलेलं हस्तलिखित १६९२ साली जहाजासकट बुडालं. बटाव्हियात (आजच्या जकार्तात) नक्कल करून ठेवली होती म्हणून ग्रंथ वाचला. म्हणजे छापलेलं चित्र ही नकलेची नक्कल आहे, आणि कोरणारे ॲमस्टरडॅमचे. पानाच्या कडा, देठाची जोडणी यांवर विसंबू नये. मजकूर अधिक भरवशाचा.

रंग हवेच असतील तर बेर्थ होला व्हान नूटनच्या जावा बेटावरच्या फळाफुलांची ४० चित्रं शोधा, १८६०च्या दशकातली शिळाछपाई. तिथे लाल चॅनेलची युक्ती अर्थातच चालत नाही, आणि गडद हिरवे छपाईत मरतात म्हणून आधी छोटा नमुना काढून पाहावा.

आणि बेटांचा हट्ट नसेल तर त्याच बीएचएलवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचे १२ खंड आहेत. त्यातल्या चित्रांवरच झाडाचं कोंकणी नाव नागरीत कोरलेलं आहे, त्यामुळे मेरिलसारखी किल्ली लागत नाही. ओसीआरला ती नागरी वाचता येत नाही, तेव्हा पानं डोळ्यांनीच चाळावी लागतात. पाचापैकी चार तारे.