साधा डीसी की डीसीसी?

एचओ म्हणजे 1:87 प्रमाणाची मॉडेल रेल्वेगाडी घ्यायची, तर पहिला प्रश्न हाच. डीसीमध्ये (डायरेक्ट करंट) कंट्रोलर रुळांनाच कमी-जास्त व्होल्टेज देतो, त्यामुळे रुळावरची सगळी इंजिनं एकदम पळतात. एक थांबवायचं तर रुळाचा तो तुकडा वेगळा करून स्विच लावायचा. शिवाय इंजिन थांबलं की दिवाही विझतो.

डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळावर वीज कायम असते आणि तिच्यातूनच हुकूम जातो. इंजिनातला डिकोडर, म्हणजे हुकूम वाचणारं छोटं सर्किट, आपला पत्ता (क्रमांक) ओळखून तेवढंच ऐकतो. नव्या डिकोडरचा पत्ता बहुधा 3 असतो, म्हणून दोन नवी इंजिनं आणली की एकाचा पत्ता आधी बदला. मग एक इंजिन दिवा लावून फलाटावर उभं आणि दुसरं शेजारून डबे मागे ढकलतंय, हे दृश्य बघत मी तासन्‌तास बसतो. मात्र रूळ मळके असतील तर डीसीसी जास्त रुसते.

ऑनलाइन घेताना ‘डीसीसी रेडी’ या शब्दांनी फसू नका. त्यात फक्त सॉकेट असतं, डिकोडर वेगळा घ्यावा लागतो. सॉकेट 8 पिनचं की 21 पिनचं, तेही आधी बघा. मी न बघता मागवला होता, बसलाच नाही. परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटीही हिशेबात धरा.

एकच गोल रूळ आणि एकच इंजिन असेल, तर डीसी पुरे. दुसरं इंजिन घ्यायचं मनात असेल, तर सरळ डीसीसीच घ्या.