विज्ञान प्रदर्शनाचा बोर्ड: पुठ्ठा घ्यायचा, सनबोर्ड की फ्लेक्स?

थर्माकोल आधी यादीतनं काढून टाका. २०१८ ला राज्यात थर्माकोलच्या ताट-वाट्या आणि सजावटीच्या सामानावर बंदी आली, मग पर्यावरणावरचा प्रकल्प त्याच थर्माकोलवर चिकटवून पोरांनी परीक्षकांपुढं का उभं राहायचं? शिवाय त्यावर स्प्रे पेंट मारला किंवा चपला चिकटवायचं सोल्युशन लावलं की विरघळून खड्डे पडतात.

फ्लेक्स सोपा वाटतो. फाईल दिली की छापून मिळतो, गुंडाळून नेता येतो, भिजला तरी काय होत नाही. पण एकदा छापलं की छापलं, आदल्या दिवशी पोरीनं नवीन वाचन घेतलं आणि आलेखातला एक आकडा बदलला तर सगळा फ्लेक्स परत छापायचा? आणि तो आपला आपण उभा राहत नाही, बाकावर मांडणी असेल तर फ्रेम शोधत बसा. मला सगळ्यात खटकतं ते वेगळंच, फ्लेक्सचं डिझाईन दुकानातल्या कॉम्प्युटरवर होतं, पोरांचा हात त्याला लागतच नाही. माझं मत विचाराल तर फ्लेक्स नको.

म्हंजे खरी निवड पुठ्ठा की सनबोर्ड, म्हंजे जाहिरातींच्या पाट्यांना वापरतात तो हलका, ताठ बोर्ड.

पुठ्ठ्याला खर्च जवळपास नाही, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत होलसेलवाल्यांकडं रिकामे खोके विचारून बघा, आणि फ्रिजचा खोका हाती लागला तर एकाच तुकड्यात तीन पाकळ्यांचा बोर्ड होतो, मधली दोन फुटाची आणि बाजूच्या एक-एक फुटाच्या, उंची तीन फूट. फक्त एक बघा, पुठ्ठ्याच्या आत नागमोडी नळ्या असतात त्या उभ्या आल्या पाहिजेत, आडव्या आल्या तर बोर्ड मधनंच वाकतो. घडीला मागच्या बाजूचा वरचा कागद तेवढा कटरनं कापायचा, आरपार नाही. भोक पाडून बल्ब बसवायचा, मागनं वायर काढायची, टाचण्या टोचायच्या, हे सगळं पुठ्ठ्यावर पोरं स्वतः करू शकतात आणि हाच त्याचा मोठा गुण. तोटा ओलीचा. फेविकॉल भरपूर फासला की वरच्या कागदाला सुरकुत्या येतात, डबल टेप वापरा.

सनबोर्ड दिसायला साफ, ओलीला घाबरत नाही. तीन एमएमचा लवतो, पाच एमएमचा घ्या, आणि दुकानातच तीन तुकडे कापून घेऊन मागनं रुंद टेपनं जोडा. पण फ्लेक्ससारखा हा पण पीव्हीसीच, प्लास्टिकच, त्यामुळं एका दिवसासाठी घेऊन टाकून देणार असाल तर नको, वरचे कागद काढून पुढची दोन-तीन वर्षं वापरणार असाल तरच.

माझा हिशोब असा, शाळेपुरतं असेल तर डोळे झाकून पुठ्ठा. तालुक्याला निवड होऊन गगनबावडा-राधानगरीकडनं एसटीतनं बोर्ड आणायचा असेल, दोन-तीन ठिकाणी मांडायचा असेल, तर सनबोर्ड.

आता त्यावर काय आणि कसं, कारण बोर्ड कितीही भारी असला तरी मजकूर कोंबला की कोणी वाचत नाही. शीर्षकाची अक्षरं दोन इंच, बाकीचं चार फुटावरनं वाचता आलं पाहिजे. इंटरनेटवरनं काढलेल्या परिच्छेदांपेक्षा एक मोठी आकृती मधे घ्या. समजा विषय पंचगंगेचा पूर आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. एका फुटाला अर्धा इंच धरला तर ४३ फूट साडेएकवीस इंचात बसतात, म्हंजे मधल्या पाकळीवर नदीची उभी पट्टी आरामात काढता येते, दोन्ही खुणा लाल-पिवळ्या करायच्या आणि पोरांनी पावसाळ्यात रोज टिपलेले आकडे शेजारी लावायचे. डावीकडं प्रश्न आणि कृती, उजवीकडं निष्कर्ष. सगळं सुट्या कार्डशीटवर, हातानं लिहिलेलं असलं तरी चालतं, चुकलं तर तेवढंच कार्ड बदलायचं.